कपाटाची किल्ली

अमळनेर, जि. जळगाव
रविवार, दुपार

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नंदुरबारकडच्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरची शाळा, दोन खोल्या, पुस्तकांचा एक खोका, आणि पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. "पुस्तकं सगळी मराठी, सुरुवात कुठून करू?" असं तू विचारलंस. शाळेतून आल्यावर दोनदा लिहायला बसले, पण दोन्ही वेळा मन थाऱ्यावर नव्हतं. आज घरातली सगळी माणसं कापूस वेचायला शेतात गेली आहेत, म्हणून निवांत लिहिते.

आधी किल्लीचं सांगते. माझ्या पहिल्या शाळेत कपाट होतं, कपाटात पुस्तकं होती आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. मी नवी होते, मागायला घाबरायचे. दोन वर्षांनी चार्ज देण्याघेण्याच्या वेळी कपाट उघडलं, तर खालचा कप्पा वाळवीने खाल्लेला. नोंदवहीत मात्र एकूण एक पुस्तक शाबूत! त्यांचाही नाइलाज मी समजू शकते. पुस्तक हरवलं तर भरपाई कोण करणार, पुस्तक नोंदवहीतून कमी करायचे, निर्लेखनाचे, कागद कोण रंगवणार, ही धास्ती आपल्या सगळ्यांनाच असते. पण त्या दिवशी वाळवीची माती झाडताना मला रडू आलं. ज्या पोरांनी ती पुस्तकं एकदाही हातात घेतली नव्हती, ती तोवर शाळा सोडून गेली होती.

म्हणून आत्ताच्या शाळेत किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीतच म्हटलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टींचीसुद्धा, असावीत. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे : पुस्तकं वापरासाठी असतात. कुणी हटकलं तर हे दोन्ही सांग.

कपाटात पुस्तकं उभी कोंबून ठेवलीस तर लहान्यांना नुसते कणे दिसतात, आणि कणा बघून पहिलीतलं पोर पुस्तक मागत नाही. व्हरांड्यात दोन खिळ्यांना सुतळी बांध आणि पातळ पुस्तकं मध्यावर उघडून तिच्यावर टाक, मुखपृष्ठ समोर येईल असं. उंची पोराच्या डोळ्यांना धरून ठेव, आपल्या नको. ती सुतळी बांधली त्या दिवशी मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत निम्मीच पोरं होती.

देवघेवीची वही पोरांकडेच दे. आमच्याकडे दर आठवड्याला चौथीची दोन मुलं ग्रंथपाल असतात. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख असे रकाने. सोमवारी नेलेलं पुस्तक पुढच्या सोमवारी परत आणायचं, म्हणून ती सात दिवस पुढे मोजतात, महिना ३० चा की ३१ चा यावरून भांडतात. दिनदर्शिकेच्या धड्यावर मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

पुस्तक निवडायलाही शिकवावं लागतं, हे मला उशिरा कळलं. पोरगं चित्र बघून जाडजूड पुस्तक उचलतं आणि दुसऱ्या दिवशी हिरमुसून परत आणतं. त्यासाठी पाच बोटांची युक्ती आहे : कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, मूठ झाकली तर ते पुस्तक सध्या अवघड. पण तेच हवं म्हणून कुणी हट्ट धरला तर देते मी. एकाने उंटाच्या चित्रासाठी असं एक पुस्तक तीन वेळा नेलं. चौथ्या वेळी उंटाच्या पाठीबद्दलचं पान त्याने मला वाचून दाखवलं, अडखळत, पण पूर्ण.

मोठ्याने वाचून दाखवणं रोज हवं, दहाच मिनिटं का होईना. आधी पुस्तकाचं नाव, मग लिहिणाऱ्याचं, मग चित्रं काढणाऱ्याचं नाव वाचायचं. पोरांना वाटत असतं पुस्तक दुकानात आपोआप तयार होतं. ते कुणीतरी माणसाने केलेलं असतं, हे नाव रोज ऐकूनच त्यांच्या ध्यानात येतं. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीचं 'किशोर' आहेच. १९७१ पासूनचं मासिक, जुने अंकही इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. रेंज मिळेल तिथे उतरवून घे.

आता तुझा खरा प्रश्न, भाषेचा.

माझ्या वर्गात तिसरीची एक मुलगी होती. हजेरीला "हजर" म्हणायची, त्यापलीकडे वर्षभर शब्द नाही. एकदा चिमणीची गोष्ट वाचताना मी मधेच थांबून दोन वाक्यं अहिराणीत सांगितली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हाई गोट मनी आजीले येस. तिले बलावू का?"

दुसऱ्या दिवशी आजी आली. पदर सावरत ओट्यावर बसली. आधी लाजली, मग असं सांगायला लागली की पलीकडच्या वर्गातली पोरंही येऊन दाटीवाटीने बसली. चौथीच्या पोरांना मी कागद दिले होते : आजी जे जसं बोलेल ते तसंच लिहायचं. लिहिताना वाद सुरू झाला, 'शे' लिहायचं की 'से'? एकाच गावातली पोरं, पण दोन घरांत दोन उच्चार. मग फळ्यावर आम्ही जोड्या लावल्या, 'आहे' आणि 'शे', 'तिथे' आणि 'तठे', 'मला' आणि 'माले'. प्रमाण मराठीतला शब्द कुठे कसा बदलतो ते त्या तासाला पोरांनी स्वतः शोधून काढलं. एरवी मी महिनाभर घसा कोरडा केला असता.

त्या गोष्टीचं आम्ही पुस्तक केलं. बारा पानं, सुईदोऱ्याने शिवलेली, पुठ्ठ्याचं वेष्टण. पहिल्या पानावर लेखिका म्हणून आजीचं नाव, खाली चित्रकार म्हणून नातीचं. ग्रंथपाल मुलांनी नोंदवहीत त्याला रीतसर दाखल क्रमांक दिला. आजी अंगठा लावणारी. नातीने तिचं बोट धरून नावावरून फिरवलं, तशी ती म्हणाली, "हाई मी शे?" आणि मग बराच वेळ तिने ते पान उलटूच दिलं नाही.

मला तेव्हा बहिणाबाई आठवल्या. आसोद्याच्या, १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून तर त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. कुणी वही घेऊन जवळ बसलंच नसतं तर? आपल्या दोघींच्या गावांत अशी किती घरं असतील, तूच सांग. आणि इथेच, अमळनेरला, साने गुरुजी शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत होते. छापखान्यावाचून त्यांचं अडलं नाही.

मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकांना विषयावरून आकडे देतात, त्या दशांश वर्गीकरणात लोककथांना ३९८.२ हा क्रमांक असतो. आमच्या कपाटावर नुसत्या रंगीत पट्ट्या आहेत : प्राण्यांच्या गोष्टी हिरव्या, माहितीची निळी, कविता पिवळी. पण आजीच्या पुस्तकाच्या कप्प्यावर पोरांनी खडूने ३९८.२ लिहून ठेवलंय. त्या मुलीला तो आकडा फार आवडला. आज त्या कप्प्यात नऊ पुस्तकं आहेत. ती मुलगी पाचवीत गेली, आता तिचा आवाज दारापर्यंत येतो.

म्हणून म्हणते, खोक्यातली पुस्तकं तर सुतळीवर लावच, पण पहिल्या आठवड्यातच एका आजीला शाळेत आण. पावरी तुला येत नाही हे चांगलंच आहे. पोरं तुला शिकवतील, अर्थ सांगताना मराठीचा शब्द तीच शोधतील. डाव्या पानावर पावरी, उजव्या पानावर मराठी, असं कर.

एक काळजी घे. पावसाळ्यात तिकडे ओल फार, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, पायाखाली विटा दे. मैद्याच्या खळीला कसर लागते, शिवण बरी. फाटलेली पुस्तकं फेकू नकोस. शनिवारी पुस्तकांचा दवाखाना मांड, पानं चिकटवताना पोरं ती वाचत बसतात, काम मागे पडतं, पडू दे. आमचं एक पुस्तक ऊसतोडीला गेलेल्या मुलाबरोबर चार महिने फडावर होतं. परत आलं तेव्हा अर्धं वेष्टण नव्हतं. फडावरच्या कोपीत रोज रात्री वाचलं म्हणाला. त्याला मी काय बोलणार होते?

या पत्राबरोबर आजीच्या पुस्तकाची झेरॉक्स पाठवते. चित्रं काळी आलीत, चिमणी मुळात लाल आहे. तुझ्या पोरांना अहिराणी वाचून दाखव, कितपत कळतं ते कळव. आणि तुमचं पहिलं पुस्तक झालं की त्याची एक प्रत मला हवी. ३९८.२ च्या कप्प्यात दहाव्या पुस्तकापुरती जागा आहे.

दिवाळीत धुळ्याला येणार असशील तर एक दिवस आधी इकडे उतर. भरीत आणि कळण्याची भाकरी करते.

तुझीच,
मैत्रीण