डोल पुरी जोडीनंच मिळते

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तिथे काय गं, सगळं आपलंच. रुपये आहेत, गणपती आहे, कढीपत्तासुद्धा मिळतो." मी तेव्हा हो हो म्हणाले. पण डिसेंबरात तू याच समजुतीत मॉरिशसला उतरशील आणि मी जशी तोंडावर आपटले तशीच आपटशील, म्हणून हे लिहायला बसले. इथे आपल्यासारखं पुष्कळ आहे, आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. कात्र बोर्नच्या बाजारात डोल पुरीवाल्यापाशी रांगेत उभी राहिले. पुरी म्हणजे तळलेली नव्हे हं. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घ्यायचा, ती रुमालासारखी पातळ लाटायची, आत हळदीची वाटलेली डाळ, म्हणजे झाली डोल पुरी. तिच्यावर मोठ्या पांढऱ्या वालाची आमटी, टोमॅटोचं रुगाय म्हणजे दाट रस्सा, हिरवी चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. मी एक बोट वर केलं. त्याने एकमेकींवर ठेवलेल्या दोन दिल्या. मी एक परत करायला लागले, तो घेईना. मागची माणसं हसायला लागली. शेवटी एका मुलीने इंग्रजीत समजावलं की इथे डोल पुरी जोडीनंच मिळते, 'एन पेर' म्हणायचं. एक मागणं म्हणजे चपलेचा एकच पाय मागण्यासारखं. मुकाट्याने दोन्ही खाल्ल्या, आणि खरं सांगू, एकीने भागलंही नसतं.

भाजीबाजारात तुझी करमणूक होईल. चटणी म्हणजे 'सातिनी', वांगं म्हणजे 'ब्रेंझेल', भेंडी 'लालो', शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम', कोथिंबीर 'कोतोमिली'. यातली मुरुम आणि कोतोमिली तमिळ माणसांबरोबर आली. दोडक्याला 'पिपांगाय' म्हणतात. तो शब्द इतका गोड आहे की बाबा आता घरीही दोडका म्हणत नाहीत, आणि गंमत म्हणजे खायलाही लागलेत! बोलतात सगळे क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, पेपर येतो तो फ्रेंच, आणि सरकारी कागद इंग्रजीत. नमस्कार-चमत्कार मात्र सोपा. "कि मान्येर?" विचारलं की "कोरेक" म्हणायचं, सुटलीस.

गुरुवारी दुपारनंतर खरेदीला निघू नकोस, आमच्या गावातली बरीच दुकानं अर्ध्या दिवसाने बंद होतात. मी दोनदा पिशवी घेऊन रिकामी परत आले.

आता खरी गोष्ट. शेजारच्या काकींचं घर मराठी. म्हणजे त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, उसाच्या मळ्यावर गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून आले. अशी मजुरांची जहाजं 1834 पासून यायला लागली, आणि 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली. तिथल्या 16 दगडी पायऱ्या अजून जपून ठेवल्यात. तुला नेणार आहे. काकींचं आडनाव म्हणजे त्या पणजोबांचं नावच, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. त्यामुळे आडनावावरून गाव काढायची आपली खोड इथे चालत नाही. मी विचारलं होतं, "मूळचे कुठले तुम्ही?" तर म्हणाल्या, "कास्कावेल." ते इथलंच गाव आहे, पश्चिमेचं.

गणपतीला त्यांनी बोलावलं. इथे गणपतीची सरकारी सुट्टी असते, पण चतुर्थीला नव्हे, दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला! आपल्याकडचा दीड दिवसाचा हिशोब सरकारनेच धरलाय म्हण ना. मूर्ती छोटी, मोदक बरेचसे आपल्यासारखे. आरतीला काकींनी एक जुनी वही काढली. रोमन अक्षरांत लिहिलेली आरती, ओळींच्या कडेला तेलाचे डाग, दोन पानं टाचणीने जोडलेली. चाल आपल्यापेक्षा संथ, टाळ्याही वेगळ्या ठेक्यात. आणि एका शब्दाचा उच्चार चुकलेला. माझी जीभ तुला माहीत आहे. मी तिथल्या तिथे सांगितलं, "काकी, असं नाही, असं म्हणायचं."

त्यांनी मान हलवली. पुढच्या कडव्याला फक्त ओठ हलत होते, आवाज नव्हता.

त्यांच्या यजमानांनी मग गेटपाशी मला हळूच सांगितलं की ती वही काकींच्या आजीने तोंडाने सांगून लिहून घेतलेली आहे, आणि आजी तो शब्द तसाच म्हणायची. मनू, मला इतकं ओशाळायला झालं! आजीला मराठी लिहिता येत नव्हतं, नातीला मराठी बोलता येत नाही, आणि मधल्या त्या वहीवर मी लाल शाई फिरवली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला समुद्रावर गेलो तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी राहून तो शब्द त्यांच्यासारखाच म्हटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण आवाज वाढवला.

तिथेच पोरांनी फेर धरला. त्याला हे लोक झाकरी म्हणतात. मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती नाचणारे, एका पायाने ठेका. मी बघतच राहिले. अगं, ही तर आपली जाखडी! चिपळूणला तुझे मामा नाचायचे तीच. इथली मुलं क्रेओलमध्ये भांडतात आणि जाखडी बरोब्बर नाचतात. मी भारावून म्हणाले, "तुम्ही तर आमचेच!" काकींचा नातू, वय वर्षं अकरा, शांतपणे म्हणाला, "नू मोरिस्यें." आम्ही मॉरिशसचे. त्यात राग नव्हता, माहिती होती. तू माझं ते 'आमचेच' कुणाला म्हणू नकोस.

आणि याच काकी त्या आठवड्यात सेंत-क्र्वाला मेणबत्ती लावायला गेल्या. तिथे पेर लावाल या फ्रेंच पाद्र्याची समाधी आहे. ते 1864 साली वारले, आणि दर सप्टेंबरात 8 तारखेच्या रात्री लोक बेटभरातून चालत येतात, त्यात हिंदूही असतात. मी विचारलं, "तुम्ही कशा?" म्हणाल्या, "बोलले होते, फेडायला नको?" यावर मी काय बोलणार? नवस तो नवस.

रविवारी समुद्रावर जायचं ते पोहायला, असं समजू नकोस. फ्लिक आँ फ्लाकला आम्हाला त्या घेऊन गेल्या तेव्हा गाडीत बिर्याणीचं पातेलं, चटया, खुर्च्या, आणि दोन आज्या. सुरूच्या झाडांखाली बसलो. गुहागरच्या बनासारखाच तो आवाज, वाऱ्याचा. कुणीतरी वाळकी पानं पेटवली आणि त्यावर 'रावान' शेकायला घेतलं. डफासारखं मोठं वाद्य, बकऱ्याचं कातडं, शेकून ताणलं की मग वाजतं. हे गुलामीत आणलेल्या आफ्रिकन माणसांचं वाद्य, आणि नाच सेगा. पाय वाळूवरून उचलायचे नाहीत, सगळं कमरेतून. चतुर्थीला साडी नेसून मोदक वळणाऱ्या काकी फ्रॉक घालून पंधरा मिनिटं न थांबता नाचल्या. मला ओढलं, मी दोन मिनिटांत पाय उचलला. बाबांनी फोटो काढलाय, पण मी तो पुसायला लावणार आहे.

तू येशील तेव्हा उन्हाळा असेल. गुलमोहर डिसेंबरात फुललेला बघून तू चक्रावशील, आणि लिची तर ढिगाने. वादळांचेही तेच दिवस. घाबरू नकोस, इथे त्याची शिस्त आहे. इशारा एक ते चार वर्गांत देतात, पहिला लागला की काकी पाणी भरतात, मेणबत्त्या आणि पाव आणतात. तिसरा लागला की बस, दुकानं, सगळं बंद, आणि माणसं घरात पत्ते खेळतात.

थर्टी फर्स्टच्या रात्री फटाके आपल्या दिवाळीला लाजवतील असे असतात म्हणे. कापूस घेऊन ये, बाबांच्या कानासाठी.

आणि एक काम. चिपळूणच्या बाजारातून काकींच्या नातवासाठी पायात बांधायचे चाळ आण. त्यानेच सांगितलंय. मी म्हणाले जोडी मागवते, तर मान हलवून म्हणाला, "नाही, एकच. उजव्या पायाचा." मापासाठी त्याच्या पायाभोवती दोरा गुंडाळून ठेवलाय, त्याचा फोटो वेगळा पाठवते.

तुझी,
आई