पोळ्याआधी शिंगे तपासून घ्या

महोदय,

श्रावणी अमावस्या जवळ आली की वरखेडी, चोपड्याच्या बैलबाजारात बेगड, गोंडे, शेंब्या आणि ऑइलपेंटचे डबे मांडले जातात. ट्रॅक्टर घरोघरी आले, तरी तापीकाठी बैल राखणारे अजून आहेत आणि 'पोया'ला शिंगे साळून चकचकीत करायची हौसही टिकून आहे. हौसेला माझी हरकत नाही. मात्र काही जण शिंग म्हणजे निर्जीव खुंट समजून ते पार पातळ होईस्तोवर साळतात. वरचे कवच निर्जीव, हे खरे. आत मात्र रक्तवाहिन्या असलेले जिवंत हाड असते. मोठ्या बैलात ते पोकळ होऊन कपाळाच्या पोकळीला मिळते, म्हणून तर शिंग मोडले की नाकातून रक्त येते.

याच पोकळीच्या अस्तराला कर्करोग होतो. तो मुख्यतः खच्ची केलेल्या, पाच ते दहा वर्षांच्या कामाच्या बैलांत दिसतो, म्हशींत क्वचितच. शिंगाला वारंवार होणारी इजा हे त्याचे एक कारण मानले जाते. बैल सारखे डोके झटकतो, शिंग खुंट्याला घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण येते. पुढे शिंग मुळाशी हलू लागते आणि कलते. आपण मात्र 'झुंजीत लागलं असेल' म्हणून हळद लावून मोकळे होतो! वेळेत कळले तर पशुवैद्य जागा बधिर करून शिंग मुळापासून काढतात आणि बैल पुन्हा औताला जुंपता येतो. किडे पडल्यावर नेले तर डॉक्टर तरी काय करणार?

रंगाचेही तेच. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नको, हा नियम २०१७ पासून लागू आहे. पण बाजारात सुटा मिळणारा रंग कोणता, हे विचारतो कोण? बैल एकमेकांना चाटतात. त्यापेक्षा गेरू बरा, पावसाने धुतला गेला तरी चालेल.

पोळ्याआधीच्या बाजारात बाजार समित्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने शिंगतपासणीचे एक टेबल मांडावे. बाजारात येणाऱ्या प्रत्येक बैलाची पावती फाडतातच, त्याच वेळी शिंगाच्या मुळाला हात लावून पाहायला कितीसा वेळ लागतो? आणि १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

– एक शेतकरी, ता. चोपडा, जि. जळगाव