नापासांच्या उत्तरपत्रिका कोण वाचणार?

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत नव्वद टक्केवाल्यांचे फलक झळकतात. कौतुक व्हायलाच हवे. पण पुरवणी परीक्षेला बसणाऱ्यांकडे अनेक शाळा ढुंकूनही पाहत नाहीत, याची चीड येते. मंडळ शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायाप्रत देते. ती विद्यार्थ्याशेजारी बसून वाचणारे शिक्षक मात्र विरळच. वर्गसमीकरणाची रीत बरोबर, फक्त ऋण चिन्ह सुटलेले, हे त्यातच तर दिसते. आणि निम्मा वर्ग त्याच पायरीवर अडखळला असेल, तर चूक फळ्यापाशी झाली आहे! शंभर टक्के निकालवाल्या शाळांनीही हे तपासावे. पाठांतराचे गुण अकरावीत उघडे पडतात. पुरवणी परीक्षेआधी शाळांनी या मुलांसाठी मोफत वर्ग घ्यावेत आणि छायाप्रतींचा खर्चही उचलावा.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा