किल्ली परत माझ्या हातात देणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्या गॅरेजला पाटी नाही आणि तुमचं नाव विचारायचं मला सुचलं नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. इंदूरातलं कुणीतरी पोचवेल.

आमची गाडी २०१० ची, ऑटोमॅटिक. माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नाही म्हणून ह्यांनी हौसेनं घेतलेली. यंदा उन्हाळ्यात तिनं खोड धरली. पलासियाहून निघालं की वीसेक मिनिटं मजेत चालायची, मग खाडकन झटका, आणि सिग्नलवरून उठताना अशी कुंथायची की मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी पळायची.

पहिल्या गॅरेजवाल्यानं काही न विचारता गिअरचं ऑइल बदललं, पैसे घेतले. दुसरा मोठा, एसीत बसणारा. बॉनेट न उघडताच ८५,००० चा आकडा: "पूरा गिअरबॉक्स खुलेगा." का, म्हणून विचारलं, तर माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याकडे बघत म्हणतो, "आंटीजी, आप अंकल को भेज दीजिए." अंकलना जाऊन चार वर्षं झाली. भाचा शेजारी होता म्हणून रडले नाही, एवढंच.

तुमच्याकडे आले तेव्हा मी आपली मुकाट्यानं किल्ली पुढे केली. तुम्ही ती घेतलीत, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलीत आणि परत माझ्याच हातात ठेवलीत. "ताई, रोज तुम्ही चालवता. तिचं दुखणं तुम्हाला ठाऊक, मला नाही. चला, रोजच्यासारखी चालवा." आणि डाव्या सीटवरची मेथीची पिशवी मांडीवर घेऊन बसलात. भंवरकुआँपासून तेजाजी नगरपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, नुसता कान देऊन होतात. झटका बसला तेव्हा माझ्याआधी तुमची मान हलली.

मग गरम इंजिन चालूच ठेवून गिअरच्या ऑइलची डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची पट्टी, काढलीत, पांढऱ्या कागदावर टेकवलीत. "वास घ्या." मी घेतला. ऑइल लाल होतं, जळकट वास नव्हता. "आतून जळली असती तर हे काळपट असतं. आणि घासलेली प्लेट किल्ली फिरवून बरी होते होय?" गाडीतल्या कॉम्प्युटरला गडबड दिसली की गिअरबॉक्स वाचवायला तो गाडीला तिसऱ्या गिअरमध्येच डांबतो, माणूस हळूहळू का होईना घरी पोचावा म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं. सोळा वर्षांच्या संसारात ही गाडी एवढी समंजस आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. बॅटरीखालच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज साचला होता. गरम झालं की जोड सुटायचा. पिन बदलली, ६५० रुपये. मी हजार दिले तर साडेतीनशे मोजून परत केलेत. लोक हुशारीचं कौतुक करतात, करावंच. पण समोरच्या बाईला काही कळत असेल, असं आधी धरून चालणारा माणूस मला या वर्षात दुसरा भेटला नाही, आणि मी बँकेत गेले, विम्याच्या कचेरीत गेले, प्लंबरलाही बोलावलं.

परवा वन्संना घेऊन ओंकारेश्वरला जाऊन आले. भेरूघाटात पुढे ट्रक होता. पाय जरा दाबला, गिअर आपोआप एक खाली उतरला, गाडी चढ चढली. वन्सं झोपलेल्याच होत्या.

दिवाळीआधी कूलंट बदलायला येते. मेथी मागच्या सीटवर ठेवीन.

तुमची,
पलासियाची ताई