घरकुलाचा पाया खणण्याआधी

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सरकारी योजनेतलं घरकुल मंजूर झालं आणि तेही तुझ्या नावावर, हे ऐकून काय वाटलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. माझ्या वयाच्या बायकांनी जन्मभर भिंती सारवल्या, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, मातीच्या पाट्या वाहिल्या, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, घरांच्या नोंदीत, त्यांचं नाव कधी लागलं नाही. तुझं लागणार आहे. मंजुरीचा कागद नीट ठेव आणि जावईबापूंना माझ्याकडून पेढा दे.

आता काळजीचं बोलते. तुझे चुलत सासरे म्हणतात, आत्ताच मोठा पाया घ्या, कॉलम उभे करा, पुढून गॅलरी काढा, कमी पडलं तर कर्ज बघू. ते वडीलधारे आहेत, त्यांचं मन मोडू नकोस. पण हिशोब तुला मांडावा लागेल, कारण हप्ते तुझ्याच खात्यातून जाणार. सरकारचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, रोजगार हमीतून घरावरच्या कामाची ९० दिवसांची मजुरी आणि तुमच्याजवळचे ८० हजार. राज्याची वाढीव रक्कम मिळेल तेव्हा मिळेल, ती हातात येईपर्यंत धरू नकोस. सरकारचा पैसाही एकदम येत नाही. काम पुढं सरकलं की जागेवर येऊन फोटो काढतात, मग पुढचा हप्ता. आपल्याकडं अर्धवट राहिलेली घरकुलं दिसतात ना, पावसात शेवाळलेल्या भिंतींची, त्यातली कितीतरी याच फेऱ्यात अडकली. पाया मोठा धरला, पैसा जमिनीखालीच संपला आणि पुढच्या हप्त्याएवढं काम काही उभं राहिना.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. घर लहान धर, आणि जे नंतर बदलता येत नाही तिथं आधी पैसा घाल. जमिनीखालचं काम, भिंतींना बांधून ठेवणारे पट्टे आणि छपराची बांधणी नंतर बदलता येत नाही. फरशी, रंग, ओट्याचा काळा दगड, पुढची शोभा हे सगळं पाच वर्षांनीही होतं.

हे मी का बोलते ते तुला ठाऊक आहे, पण पुरतं कधी सांगितलं नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती, तेव्हा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली असं म्हणतात. आपलं गाव त्या पट्ट्याच्या कडेला, म्हणून आपण वाचलो. आपल्या घराची मागची भिंत अख्खी बाहेर पडली, पण माळवद खाली आलं नाही. ते लाकडी खांब-तुळयांवर होतं आणि तुझे आजोबा त्या खणाखालीच झोपले होते. शेजारच्या घरात तुळया सरळ भिंतीवर टेकवलेल्या. भिंत गेली आणि वरचं सगळं खाली आलं. तिथं काय काढावं लागलं ते मी लिहीत नाही.

पुढं दुरुस्तीचा कार्यक्रम आला तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम उभं केलं. मी त्यात होते. घरोघर जायचं, लोकांना मदतीचा पैसा कशाला आहे ते सांगायचं, गवंडी काय करतो ते बघायचं. शाळा सातवीपर्यंतची, पण भिंत वाचायला मी तिथं शिकले.

आपली जुनी भिंत दोन-तीन फूट जाड असायची, म्हणून सगळ्यांना ती पक्की वाटायची. खरं तर त्या दोन भिंती असत, एक आतली, एक बाहेरची, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. दोघींना सांधणारा, आरपार जाणारा दगड कुणी घालतच नव्हतं. वर्षं गेली की भिंतीला पोट सुटायचं. धक्का बसला तेव्हा बाहेरचा पदर बाहेर पडला, आतला आत. आणि डोक्यावर माळवद. दरसाल मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, म्हणजे गळत नाही. जुना थर कोण काढतो? पणजोबांपासूनची माती एकावर एक बसून दीड-दोन फूट झालेली. दोन फूट मातीचं वजन चौरस फुटाला नव्वद-शंभर किलो भरतं. चार इंची स्लॅब तेवढ्याच जागेत चोवीस किलोच्या आसपास, आणि पत्रा अर्धा किलो. तुझ्या घरकुलाचं किमान माप २६९ चौरस फूट आहे. तेवढ्या जागेवर जुन्या पद्धतीची माती पंचवीस टन झाली असती. माळवदाखालचा गारवा मला अजून आठवतो, वैशाखातही घरात घाम येत नसे. त्या घरांना मी वाईट म्हणणार नाही. पण एवढं ओझं आणि दोन पदरांची सुटी भिंत एकत्र आली, तिथं माणसं गेली.

त्या आधी आपला भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो वर, तिसऱ्या क्षेत्रात गेला. तुझं सासर त्याच भागात आहे, हे चुलत सासऱ्यांना सांग.

आता कामाचं. बाहेरून २४ बाय १४ फूट धर, मधे एक आडवी भिंत. दोन खोल्या होतात आणि सरकारी मापही भरतं. पुढंमागं तिसरी खोली काढायची असेल तर तिचं दार आत्ताच भिंतीत सोड, वरचा लिंटल, म्हणजे दारावरची काँक्रीटची आडवी तुळई, टाकून घे आणि तूर्त विटांनी बुजव. भिंत नंतर फोडावी लागत नाही. मजल्याचा विचार सोडून दे. शहरात जागा नसते म्हणून लोक वर चढतात, तुला मागं परसात जागा आहे.

पायाला घाई करू नकोस. तुमच्याकडं काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेलं जोतं दरसाल हलणार आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरप्या चिरा जाणार. आधी एक खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघ. साधारण तीन-चार फुटांत लागला तर पाया त्यावर टेकव. पाच फुटांतही लागला नाही तर गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नकोस, पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला जागेवर आण. पायातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरू देऊ नकोस. ती फुकट असते म्हणून मजूर तीच ढकलतात. मुरूम आण, सहा-सहा इंचांचा थर टाकून पाणी मारून धुमसून घे. जुन्या वाड्याचे पडलेले दगड आहेत ना, ते जोत्याला वापर, तेवढीच बचत. जोतं जमिनीपासून दोन फूट तरी वर काढ, आणि घराभोवती तीन फुटांची उतरती फरसबंदी कर, शहाबादीचे तुकडे चालतील. मोरीचं पाणी जोत्यालगत मुरता कामा नये. भूकंप येईल न येईल, पाणी दरसाल मुरणार.

भिंत नऊ इंची विटांची. विटा भिजवल्याशिवाय लावू देऊ नकोस, कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी आत घे. कोपऱ्यात खिडकी हौसेनं काढतात, पण भिंत तिथंच आधी उघडते.

आणि आता पट्टे. हे जावईबापूंनाही वाचून दाखव. सगळ्या भिंतींवरून, आतल्या भिंतीवरूनही, न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा, तीन इंच जाड. त्यात दोन सळया आणि दर सहा इंचांना आडवी कडी. एक जोत्यावर, एक दार-खिडक्यांच्या वर, एक छपराखाली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात आणि सगळे तुकडे एकत्र राहतात, तसं याचं काम. पट्टा असला की धक्क्यात चारही भिंती एकमेकींना धरून हलतात. पुष्कळ गवंडी लिंटल फक्त दाराच्या वर टाकतात आणि बाकीची भिंत तशीच चढवतात. ते चालणार नाही. कोपऱ्यात सळई तोडू देऊ नकोस, ती वळून पुढच्या भिंतीत दीड-दोन फूट गेली पाहिजे. चारही कोपऱ्यांत एकेक उभी सळईही पायातून वरपर्यंत घे.

मी हिशोब करून पाहिला. तुझ्या मापाच्या घराला तीन पट्टे दहा मिलिमीटरच्या सळईचे केले तर कड्यांसकट लोखंड सव्वाशे-दीडशे किलो लागतं. आजच्या भावानं आठ-नऊ हजार. सिमेंट, खडी वेगळी, पण तीही फार नाही. चुलत सासऱ्यांची गॅलरी याच्या कितीतरी पटीत जाईल. पैसे कमी पडले तर फरशी सोड, प्लास्टर आतूनच कर, बाहेरच्या विटा उघड्या ठेव. पट्टा सोडू नकोस.

छपराचं मी पुष्कळ घोळून पाहिलं. स्लॅब पक्का खरा, पण आत्ता टाकलास तर हात रिकामा होईल आणि कर्जाची गोष्ट परत निघेल. पत्रा घाल. छपराखालच्या पट्ट्यात लोखंडी पट्ट्या आधीच रोवून त्यांना पाइप जोडून घे, आणि पत्रा हुक बोल्टनं घट्ट आवळ, दगड ठेवून भागवू नकोस. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडून माणसं जायबंदी होतात. पुढं पैसा आला तर याच भिंतींवर स्लॅब टाकता येईल, आणि उतरवलेला पत्रा गोठ्याला होईल. पत्र्याचं छप्पर चालतं का ते अभियंत्याला काम सुरू होण्याआधीच विचार.

पत्रा तापतो, ते तू म्हणालीसच. भिंती दहा फूट उंच घे, वर समोरासमोर झरोके ठेव म्हणजे तापलेली हवा निघून जाते. पत्र्याखाली तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, तट्टा बांध, तुझ्या शेतातल्याच तुराट्या पुरतील. उन्हाळ्याच्या तोंडी पत्र्यावर चुन्याचा दाट हात दे. पश्चिमेला पडवी काढ, तिथं विटांची भिंत नको, तुराट्यांचा कूड आणि सारवण पुरे. भूकंपानंतरच्या वसाहतीत आमच्या नात्यातल्यांना घरं मिळाली, जमिनीप्रमाणं २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. रुंद रस्ते, सरळ रांगा, सगळं आखीव. पण कडबा कुठं ठेवायचा, म्हस कुठं बांधायची, दुपारी बायकांनी धान्य निवडायला कुठं बसायचं, याचा विचार झाला नव्हता. वर्षा-दोन वर्षांत जो तो घरापुढं पत्र्याचं शेड काढू लागला. म्हणून तुला पडवीचं सांगते. तुमची निम्मी कामं उंबऱ्याच्या बाहेर होतात.

पत्र्याच्या कडेला पन्हळ लाव आणि एक टाकी ठेव. तेवढ्या छपरावरून आपल्या पावसात वर्षाला पंधरा हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, घागर घेऊन कुठं कुठं गेली होतीस ते तुला आठवत असेल.

काम दिवाळी झाल्यावर धर, बोअरला पाणी असतं. माघाच्या पुढं गेलीस तर पट्ट्यांना आणि भिंतींना मारायला पाणी मिळणार नाही, आणि पाणी न पाजलेलं काँक्रीट नखानं उकरता येतं. गोणपाट भिजवून टाकलंस तर कमी पाण्यात भागतं. निदान दहा दिवस ओल राहू दे. घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत देण्याचा निर्णय आहे, तेव्हा विकतची उचलण्याआधी तहसीलमध्ये अर्ज कर. गवंड्याशी मजुरी चौरस फुटावर ठरव आणि त्यात तीन पट्टे, कोपऱ्यातल्या सळया आणि पाणी मारणं कागदावर लिहून घे. पैसे कामाच्या टप्प्यावर दे, आगाऊ देऊ नकोस.

पाटल्या मोडायचं म्हणालीस. एवढ्यात मोडू नकोस. मागच्या खोलीचं प्लास्टर राहिलं तर राहू दे, अंगावरचं सोनं आजारपणाला लागतं.

जोत्याच्या पट्ट्याची सळई बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी मला फोन कर. मी निलंग्याची सकाळची एसटी धरून येईन आणि चारही कोपरे स्वतः बघेन. गवंड्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे त्याला राग येणार नाही. येताना दळलेलं तिखट आणि जुन्या घराची सागवानी चौकट टेम्पोतून आणते. तिची उंची सहा फूट दोन इंच आहे, दाराची जागा त्या मापानं सोडायला सांग.

पोरांना पापा. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
आई