चिमणीला बंगला नको, भिंतीत भोक द्या

संपादक महोदय,

२० मार्चचा चिमणी दिन जवळ आला की नर्सरीत, प्रदर्शनात, ऑनलाइन जिथे बघावं तिथे बर्डहाउस दिसायला लागतात, लाल कौलं, पांढरं कुंपण, खोट्या खिडक्या. दिसतात गोड, पण मला विचाराल तर आपल्याला न परवडलेला बंगला बाल्कनीत टांगायची ती हौस आहे, चिमणीचा त्यात फार संबंध नाही. तिला दार लागतं साधारण ३२ मिमीचं, मोठं ठेवलं की साळुंकी घुसते, दारापुढची ती क्यूट दांडी कावळ्याला बसायला सोयीची, आणि साखळीला लटकून वाऱ्यावर झुलणाऱ्या घरात अंडी कोण घालणार?

सजावट नकोच असं म्हणणं नाही हं. इस्तंबूलला ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानांच्या काळात मशिदी, मदरसे, ग्रंथालयं यांच्या भिंतींवर पक्ष्यांसाठी दगडात चक्क महाल कोरलेत, घुमट, मिनार, सज्जे सगळं. तिथल्या उस्कुदार भागातल्या आयाझमा मशिदीवरचे, अठराव्या शतकातले, नेटवर शोधून बघाच. पण ते बसवलेत कुठे, तर मांजराचा हात पोचणार नाही इतक्या उंच आणि शक्यतो ऊन येणाऱ्या, गार वाऱ्यापासून आडोशाच्या बाजूला. गवंड्याने आधी पक्षी बघितला, मग नक्षी काढली.

आपल्या वाड्यांत तर कोणी मुद्दाम काही केलंच नव्हतं, वळचण होती, कौलाखालच्या फटी होत्या, आजोबांच्या फोटोमागे जागा होती, झालं. आता रिडेव्हलपमेंटमध्ये गुळगुळीत प्लास्टर नाहीतर काच, घरटं चिकटणार कुठे. इंग्लंडमधल्या ब्रायटनने २०२० पासून ५ मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना पाकोळी (स्विफ्ट) पक्ष्यांसाठी पोकळ विटा बसवायची अट घातली, त्यात चिमण्याही राहतात. आपल्या महापालिका रेनवॉटर हार्वेस्टिंगची अट घालतात ना, मग गच्चीच्या कठड्याखाली अशा चार विटा टाकायला बिल्डरला सांगायला काय हरकत आहे? खर्च तो किती!

तोवर बर्डहाउस घ्यायचंच असेल तर साधं लाकडी, साफ करायला मागून उघडणारं घ्या आणि, आपल्याकडे ऊन कडक म्हणून, सावलीत भिंतीला घट्ट ठोका. आणि सोसायटीच्या बागेत सारखी औषधफवारणी चालू असेल तर तेही उपयोगाचं नाही, कारण पिल्लांना अळ्या-किडे लागतात, तांदूळ टाकून भागत नाही.

– एक वाचक, पुणे