एक माणूस, एक गिटार आणि आमचे मोबाईल

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या बाजूला एका छोट्या हॉलमध्ये फिंगरस्टाईल, म्हणजे पट्टीऐवजी बोटांनी तारा छेडून वाजवायच्या गिटारचा कार्यक्रम ऐकला, मुलगा ओढून घेऊन गेला म्हणून गेलो, नाहीतर गिटार म्हणजे कॉलेजातलं प्रकरण असाच माझा समज. स्टेजवर एकटा माणूस, ना तबला ना बेस, आणि तरी डोळे मिटले की तिघं वाजवताहेत असं वाटायचं. मुलाने कानात सांगितलं की अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर चाल वाजवतात, मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स ह्या अमेरिकन वादकांनी हे तंत्र गाजवलं. मधेच तळहाताने लाकडावर थाप, अगदी ढोलकीसारखी! मग त्याने ६ पैकी ३ तारा एकेक स्वर उतरवल्या, डॅडगॅड म्हणतात म्हणे त्याला, आणि गिटार चक्क तानपुऱ्यासारखी घुमायला लागली. ब्लूज हे अमेरिकन संगीत झालं, आपली भैरवीही झाली.

पण साहेब, तारेवर बोट नुसतं टेकवून निघणारा तो बारीक घंटेसारखा स्वर चालू असताना मागे रिंगटोन, पुढे वेफर्सची पिशवी. माईकवाल्यानेही आवाज इतका वाढवला की शिट्ट्या निघाल्या. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्कर बुवा ज्या गावात राहिले तिथे दीड तास फोन बंद ठेवता येत नाही का आपल्याला? आयोजकांनी दारातच फोन बंद करायला लावावेत, आणि पुढच्या वेळी चहा मध्यंतरातच द्यावा.

एक वाचक, इंदिरानगर, नाशिक